सीएमबी आणि स्पेक्ट्रल इमेजिंग: एका बँडमधून पाच नकाशे कसे निघतात आणि त्याची किंमत काय

प्रश्न असा आलाय की सीएमबीच्या (बिग बँगनंतर उरलेल्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या) दुर्बिणी तशाही फिल्टर लावून दोन-तीन फ्रिक्वेन्सी बँडमध्ये आकाश बघतात, मग आता हे स्पेक्ट्रल इमेजिंग, म्हणजे एकाच बँडचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढणं, वेगळं कशाला पाहिजे, आणि दुसरं म्हणजे बोलोमीटरला फ्रिक्वेन्सी कळतच नाही, तो फक्त किती ऊर्जा आली एवढंच सांगतो, मग एकदा रेकॉर्ड झालेल्या डेटातून नंतर फ्रिक्वेन्सी वेगळी कशी काढणार. दुसरा प्रश्न खरंच चांगला आहे, त्यावर जास्त लिहितो. मी बरीच वर्षं या डेटाच्या मॅप-मेकिंगमध्ये आहे त्यामुळे उत्तर त्या बाजूने झुकलेलं असेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सीएमबीचा स्वतःचा स्पेक्ट्रम शोधायला आपण हे करत नाही, तो आपल्याला माहीत आहे. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये कोबी उपग्रह गेला, त्याच्यावरच्या फायरास या उपकरणाने दाखवून दिलं की हा जवळजवळ परफेक्ट ब्लॅकबॉडी (ज्याचा स्पेक्ट्रम फक्त तापमानावर ठरतो) आहे, तापमान २.७२५ केल्विन, आणि आदर्श वक्रापासूनचा फरक शिखराच्या तुलनेत दहा लाखात ५० भागांपेक्षाही कमी. त्यामुळे तापमानातले चढउतार असोत की पोलरायझेशन (लहरींच्या कंपनाची दिशा), सीएमबीचा सिग्नल एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर कसा बदलेल हे आपण कागदावर लिहून देऊ शकतो. जे माहीत नाही ते मधे येणाऱ्या गोष्टींचं, म्हणजे आपल्या आकाशगंगेतली धूळ, सिंक्रोट्रॉन (चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं प्रारण), आणि त्यांचं पोलरायझेशन. फ्रिक्वेन्सीची सगळी मेहनत ही धूळ ओळखण्यासाठी आहे, हे डोक्यात पक्कं असलं की पुढचं सगळं सरळ होतं.

धुळीने काय होतं हे २०१४ ला सगळ्यांनी बघितलंय. १७ मार्चला बायसेप-२ या दुर्बिणीच्या टीमने जाहीर केलं की बी-मोड (पोलरायझेशनमधला भोवऱ्यासारखा नमुना, जो सुरुवातीच्या विश्वातल्या गुरुत्वीय लहरींमुळे उमटू शकतो) सापडले, टेन्सर-टू-स्केलर रेशो, म्हणजे त्या लहरी किती जोरदार याचं माप, ज्याला आपण सगळे नुसतं आर म्हणतो, तो ०.२ च्या आसपास. दक्षिण ध्रुवावरून घेतलेला तो नकाशा अत्यंत उत्तम होता, नॉइज कमी, सिस्टिमॅटिक्स (उपकरणाच्या स्वतःच्या चुका) नीट तपासलेले, आकाशात बी-मोड होते यात काहीच शंका नव्हती. पण तो होता एकाच फ्रिक्वेन्सीवर, १५० गिगाहर्ट्झ. एकाच फ्रिक्वेन्सीवरून हे बी-मोड सीएमबीचे की धुळीचे हे सांगायला मार्गच नसतो, कितीही चांगला डिटेक्टर असू दे. मग प्लँक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशावरून कळलं की त्या भागात धूळ अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आहे, आणि २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही टीमनी एकत्र विश्लेषण केल्यावर उरली फक्त वरची मर्यादा, आर ०.१२ पेक्षा कमी. आज ती मर्यादा बायसेप-केकच्या २०२१ च्या निकालाप्रमाणे ०.०३६ आहे.

आता तुम्ही म्हणाल की मग झालं की, ३५३ वर धूळ मोजायची, स्केल करून १५० मधून वजा करायची. बरोबर आहे, सगळे तेच करतात, पण त्या स्केलिंगमध्येच गोम आहे. धुळीचं मॉडेल म्हणजे सुधारित ब्लॅकबॉडी, तापमान साधारण १९-२० केल्विन आणि वर फ्रिक्वेन्सीचा एक घातांक, बीटा, साधारण १.५. समजा तुमचा बीटा ०.१ ने चुकला. ३५३ भागिले १५० म्हणजे २.३५, त्याचा ०.१ घात काढला की १.०९ येतो, म्हणजे १५० वरची धूळ तुम्ही ९ टक्के चुकीची धरली. ॲम्प्लिट्यूडमध्ये ९ टक्के उरली तर पॉवरमध्ये ०.८ टक्के. बायसेप-२ च्या भागात धुळीचा सिग्नल ढोबळमानाने आर ०.२ इतका होता, त्याचे ०.८ टक्के म्हणजे ०.००१६. आणि पुढच्या पिढीच्या प्रयोगांचं, लाइटबर्ड उपग्रहासारख्या, लक्ष्य आहे आर ०.००१ च्या पातळीवर पोचायचं. म्हणजे बीटा दुसऱ्या दशांशापर्यंत नीट माहीत नसेल तर जे शोधतोय त्याच्याएवढाच कचरा आपण नकाशात ठेवून देणार.

आणि ही झाली सोपी केस. अवघड केस म्हणजे एकाच दिशेला एकामागे एक दोन ढग असतील, दोघांचं तापमान वेगळं, दोघांमधलं चुंबकीय क्षेत्र वेगळ्या दिशेला. मग वरच्या फ्रिक्वेन्सीला गरम ढगाचं पोलरायझेशन वरचढ, खाली आलो की थंड ढगाचा वाटा वाढतो, आणि एकूण पोलरायझेशनचा कोनच फ्रिक्वेन्सीबरोबर फिरतो. अशा वेळी ३५३ चा नकाशा कुठल्याही आकड्याने गुणला तरी १५० चा बनत नाही. याला फ्रिक्वेन्सी डीकोरिलेशन म्हणतात, आणि हे नुसतं सिम्युलेशनमधलं भूत नाहीये, २०२१ मध्ये प्लँकच्याच डेटात याचे पुरावे काही दिशांना मिळालेत. दोन बँडवरून हे नीट उलगडता येत नाही, दोन बिंदूंमधून तर एखादा पॉवर लॉ (फ्रिक्वेन्सीच्या एका घाताने बदलणारा वक्र) नेहमीच आरामात जातो. तीन-चार-पाच बिंदू जवळजवळ असले तरच वक्र वाकतोय हे दिसतं. स्पेक्ट्रल इमेजिंगची गरज नेमकी इथे आहे.

मग हे बिंदू आणायचे कुठून. रुळलेला रस्ता म्हणजे वेगवेगळे फिल्टर. डब्ल्यूमॅप उपग्रहाचे पाच बँड होते, २३ पासून ९४ गिगाहर्ट्झपर्यंत, प्लँकचे नऊ, ३० ते ८५७. आता तर एकाच पिक्सेलमध्ये ब्रॉडबँड अँटेना आणि चिपवरच फिल्टर बसवून दोन-तीन बँड एकदम घेतात, दक्षिण ध्रुवावरच्या एसपीटी-थ्रीजी या दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात असे ९५, १५० आणि २२० आहेत. ही तंत्रं उत्तम आहेत, आणि स्पष्ट सांगायचं तर आजची सगळी मोठी मोजमापं यांच्यावरच उभी आहेत. पण बँडची संख्या उपकरण बनवतानाच ठरून जाते, नंतर बदलता येत नाही, आणि बँडच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. प्लँकच्या १००, २१७ आणि ३५३ या तिन्ही बँडमध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा येतात, ११५, २३० आणि ३४५ गिगाहर्ट्झच्या. एकाच चॅनेलमधल्या दोन बोलोमीटरचे बँडपास (कुठल्या फ्रिक्वेन्सीचा किती प्रकाश आत येतो ते) किंचित वेगळे असले की एकात ती रेषा थोडी जास्त येते, एकात थोडी कमी, आणि दोघांची वजाबाकी केली की खोटं पोलरायझेशन तयार. ते काढायला केवढा खटाटोप करावा लागला हे प्लँकचे पेपर वाचले की कळतं. जमिनीवरून तर अजून एक बंधन, वातावरणात ६० आणि ११९ ला ऑक्सिजन बसलाय, १८३ ला पाणी, म्हणजे मिळणाऱ्या खिडक्या ठरलेल्या, साधारण ९०, १५०, २२०, आणि पुढे २८० च्या आसपास. जास्त बिंदू हवे असतील तर याच खिडक्यांच्या आत पट्ट्या पाडाव्या लागतात.

दुसरा रस्ता फूरिये ट्रान्सफॉर्म स्पेक्ट्रोमीटरचा (एफटीएस), म्हणजे फायरासवालाच. येणारा प्रकाश दोन वाटांनी न्यायचा, एका वाटेतला आरसा पुढेमागे हलवायचा, दोन्ही एकत्र करून डिटेक्टरवर टाकायचे, आणि जो इंटरफेरोग्राम मिळतो त्याचा फूरिये ट्रान्सफॉर्म म्हणजे स्पेक्ट्रम. रेझोल्यूशन पूर्णपणे पाथ डिफरन्सवर, म्हणजे दोन वाटांच्या लांबीतल्या फरकावर, १ गिगाहर्ट्झ हवं असेल तर ३० सेंटिमीटर पाथ डिफरन्स लागतो. स्पेक्ट्रम म्हणून याच्यासारखं सुंदर काही नाही. पण फायरासचा बीम ७ अंशांचा होता, म्हणजे नकाशा म्हणावा असं काही नाही, आणि त्याची खरी ताकद होती ती आभाळाच्या जागी हॉर्नच्या (प्रकाश आत घेणाऱ्या कर्ण्यासारख्या नळीच्या) तोंडात येऊन बसणारा ब्लॅकबॉडी कॅलिब्रेटर. त्यामुळेच ॲब्सोल्यूट मोजमाप झालं. हेच तंत्र कॅमेऱ्याला जोडून खरं इमेजिंग करायचा प्रयत्न म्हणजे कॉन्चेर्तो, २०२१ मध्ये चिलीतल्या एपेक्स दुर्बिणीवर बसवलेलं, दोन ॲरे, प्रत्येकात दोन हजारांवर कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर, १३० ते ३१० गिगाहर्ट्झ. ते मुख्यतः दूरच्या दीर्घिकांच्या आयनित कार्बनच्या रेषेसाठी होतं, सीएमबीच्या बी-मोडसाठी नाही. जमिनीवरून एफटीएस चालवताना अडचण अशी की आरसा एक फेरी पूर्ण करेपर्यंत वर वातावरण बदलतं आणि तो बदल इंटरफेरोग्राममध्ये मिसळतो, म्हणून आरसा खूप वेगाने हलवावा लागतो. शिवाय डिटेक्टरवर सगळ्या फ्रिक्वेन्सीचे फोटॉन एकदम पडतात, तर नॉइजही सगळ्यांचा एकदम येतो.

तिसरा रस्ता बोलोमेट्रिक इंटरफेरोमेट्रीचा, आणि "बोलोमीटरला फ्रिक्वेन्सी कळत नाही, मग नंतर कशी काढणार" याचं उत्तर इथे आहे. क्युबिक नावाचा प्रयोग हे करतो, अर्जेंटिनात साल्ता प्रांतात आल्तो चोरीयोसला, जवळजवळ ५००० मीटर उंचीवर, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं. रचना अशी की आभाळाकडे तोंड करून चौकोनी जाळीत मांडलेला हॉर्नचा ॲरे, पूर्ण उपकरणात ४०० हॉर्न, डेमॉन्स्ट्रेटरमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या छोट्या आवृत्तीत, ६४. प्रत्येक हॉर्नच्या पाठीला पाठ लावून दुसरा हॉर्न, तो आतल्या बाजूला प्रकाश सोडतो, आणि दोन आरसे हे सगळे किरण एकत्र करून फोकल प्लेनवर त्यांचा व्यतिकरणाचा नमुना पाडतात. तो नमुना टीईएस बोलोमीटर मोजतात. इथे लेन्सने आकाशाची साधी प्रतिमा पडत नाही, म्हणून एकेक डिटेक्टर आकाशातला एक ठिपका बघत नाही, त्याला एकदम अनेक ठिपके दिसतात, मधे एक मोठं पीक आणि आजूबाजूला ठरावीक अंतरावर बाकीची. याला सिंथेसाइझ्ड बीम म्हणतात.

सीडीच्या मागच्या बाजूला प्रकाश पडला की रंग फाकतात ना, तेच गणित. सारख्या अंतरावरचे हॉर्न म्हणजे ग्रेटिंगच झालं. मधलं पीक सगळ्या फ्रिक्वेन्सीला एकाच जागी, पण बाजूची पीक किती लांब पडतील हे तरंगलांबी भागिले हॉर्नमधलं अंतर यावर ठरतं. आकडे घालून बघू. हॉर्नमधलं अंतर १४ मिलिमीटर, १५० गिगाहर्ट्झला तरंगलांबी २ मिलिमीटर, भागाकार ०.१४३ रेडियन, म्हणजे ८.२ अंश. बँड २५ टक्के रुंद आहे, १३१ पासून १६९ पर्यंत. खालच्या टोकाला तरंगलांबी २.२९ मिलिमीटर, तिथे बाजूचं पीक ९.४ अंशांवर. वरच्या टोकाला १.७७ मिलिमीटर, पीक ७.३ अंशांवर. म्हणजे एकाच बँडमध्ये बाजूचं पीक आकाशात २.१ अंश सरकतं. आता एका पिकाची रुंदी किती, तर तरंगलांबी भागिले पूर्ण ॲरेची लांबी, २० हॉर्न गुणिले १४ म्हणजे २८० मिलिमीटर, येतं ०.४१ अंश. २.१ ला ०.४१ ने भागा, पाच. म्हणजे त्या एका बँडमध्ये साधारण पाच वेगळे ओळखता येतील असे सबबँड (बँडचे तुकडे) बसतात. हा पाच आकडा आकाशातून किंवा सॉफ्टवेअरमधून येत नाही, हॉर्न किती आणि बँड किती रुंद यातूनच येतो, त्यामुळे डेमॉन्स्ट्रेटरवर, जिथे ओळीत फक्त ८ हॉर्न आहेत, तेवढे सबबँड सुटणार नाहीत हेही लगेच दिसतं.

बोलोमीटरने फ्रिक्वेन्सी मोजलेली नाही हे खरंच आहे, पण उपकरणाने फ्रिक्वेन्सीचं रूपांतर आकाशातल्या कोनात आधीच करून ठेवलंय, आणि कोन आपल्याला दुर्बिणीच्या स्कॅनमधून माहीत आहे. दुर्बीण आकाशावरून सरकते तेव्हा एखादी दिशा एकदा मधल्या पिकात येते, तेव्हा सगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळून एकदम, आणि इतर वेळी बाजूच्या पिकात येते, तेव्हा आधी एक फ्रिक्वेन्सी, मग किंचित सरकल्यावर पुढची. तीच दिशा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या मिश्रणात डेटात येते. मग समीकरण लिहायचं, डेटा म्हणजे प्रत्येक सबबँडच्या आकाशावर त्या सबबँडचा ऑपरेटर (उपकरण आकाशाचं काय करतं याचं गणित) लावून केलेली बेरीज अधिक नॉइज, आणि सगळे सबबँड एकाच वेळी सोडवायचे, कॉन्जुगेट ग्रेडियंट या टप्प्याटप्प्याने उत्तराकडे जाणाऱ्या पद्धतीने. मॅट्रिक्स प्रचंड असतं, उलटं करणं शक्यच नाही, पण ऑपरेटर लावता येतो तेवढं पुरतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की सबबँड किती हे डेटा घेतल्यानंतर ठरवायचं. तोच डेटा एकदा एका रुंद बँडसारखा सोडवा, संवेदनशीलता पूर्ण मिळेल. शंका आली की धूळ नीट वागत नाहीये तर तोच डेटा तीन किंवा पाच सबबँडमध्ये सोडवा. फिल्टरवाल्या उपकरणात बँड बदलायचा तर हार्डवेअर बदलावं लागतं.

पण फुकट काही नाही. सबबँड पाडले की प्रत्येक नकाशाचा नॉइज वाढतो, आणि पाचाच्या पुढे ताणायला गेलात तर फार झपाट्याने वाढतो, कारण मग पीक एकमेकांवर चढलेली असतात आणि समीकरणं जवळजवळ सारखी होतात. शेजारच्या दोन सबबँडचा नॉइजही एकमेकांत अडकलेला असतो, आणि तोही उलट चिन्हाने, एकात चुकून जास्त गेलं ते शेजारच्यातून कमी झालेलं असतं. म्हणून हे नकाशे कधीही सुटे सुटे धरू नका. नवीन लोक सर्रास करतात ते असं की पाच नकाशे काढले, प्रत्येकाचा आरएमएस काढला, आणि पाच स्वतंत्र मोजमापं म्हणून धुळीच्या फिटिंगमध्ये घातली, मग बीटावरचा एरर बार कसाही येतो. सबबँडमधला पूर्ण कोव्हेरियन्स (कोणाचा नॉइज कोणात किती अडकलाय त्याचा हिशेब) पुढच्या पायरीपर्यंत न्यायलाच हवा. नकाशाच्या कडांचाही त्रास आहे, मधलं पीक तुमच्या भागात असतं तेव्हा बाजूची पीक बाहेर कुठेतरी बघत असतात, तिथलं आकाश काहीतरी धरावंच लागतं, त्यासाठी बाहेरच्या भागाला प्लँकचा डेटा वापरता येतो.

आणि कॅलिब्रेशन. हा सगळा डोलारा पीक कुठे पडतं यावर उभा आहे, तर ते आधी मोजलेलं पाहिजे. पॅरिसच्या एपीसी प्रयोगशाळेत क्युबिकच्या डेमॉन्स्ट्रेटरसमोर फ्रिक्वेन्सी बदलता येणारा कृत्रिम सोर्स ठेवून, फ्रिक्वेन्सी वाढवत नेली तशी बाजूची पीक मधल्याकडे सरकताना प्रत्यक्ष मोजली गेलीत, ते आलेख बघितलेत तर हे तंत्र पाच मिनिटांत समजेल. शिवाय हॉर्नना शटर आहेत, जोड्या उघडझाप करून एकेका बेसलाइनचे, म्हणजे हॉर्नच्या एकेका जोडीचे, फ्रिंज (व्यतिकरणाचे पट्टे) वेगळे काढता येतात. सारख्या अंतराच्या आणि सारख्या दिशेच्या सगळ्या जोड्यांचे फ्रिंज सारखेच यायला हवेत, जिथे येत नाहीत तिथे त्या हॉर्नमध्ये किंवा ऑप्टिक्समध्ये काहीतरी आहे. रेडिओवाल्यांची जुनी सेल्फ-कॅलिब्रेशनची युक्ती बोलोमीटरवर, आणि माझ्या मते स्पेक्ट्रल इमेजिंग नसतं तरी फक्त एवढ्यासाठी हे उपकरण बांधण्यासारखं आहे.

मग कुठलं चांगलं असं विचाराल तर काय शोधताय त्यावर आहे. म्यू आणि वाय विकृती, म्हणजे ब्लॅकबॉडीपासूनचे अगदी बारीक फरक, शोधायचे असतील तर ॲब्सोल्यूट कॅलिब्रेटरवाला एफटीएसच लागणार, बोलोमेट्रिक इंटरफेरोमीटर तिथे काही कामाचा नाही कारण तो फक्त आकाशातले फरक मोजतो. फायरासची म्यूवरची मर्यादा ९ गुणिले १० चा उणे ५ वा घात आहे आणि प्रमाणित मॉडेलप्रमाणे अपेक्षित म्यू त्याच्या हजारो पट खाली, म्हणून पिक्सीसारखे उपग्रह सुचवले गेलेत. निव्वळ संवेदनशीलता हवी असेल तर हजारो डिटेक्टर आणि फिल्टर, त्याला पर्याय नाही. आणि "सापडलं" असं म्हणायच्या आधी धुळीने फसवलेलं नाही हे तपासायचं असेल तर बँडच्या आत बघू शकणारं स्वतंत्र उपकरण हवंच, कारण त्याच्या चुका फिल्टरवाल्यांच्या चुकांपेक्षा पूर्ण वेगळ्या जातीच्या आहेत.

स्वतः करून बघायचं असेल तर एका मितीत सुरुवात करा. पायथनमध्ये एक रेषा म्हणजे आकाश, तीन पिकांचा बीम, बाजूची दोन पीक फ्रिक्वेन्सीनुसार सरकणारी, पाच सबबँड, वर थोडा नॉइज. मॅट्रिक्स छोटं असेल त्यामुळे सरळ त्याची आयगेनव्हॅल्यू काढून बघा, सबबँड पाचावरून सात-आठ केले की सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू कशी कोसळते ते दिसेल, आणि नॉइज का वाढतो हे मग कुणी सांगायला नको. फक्त एक काळजी घ्या, इनपुट आकाश पाच सबबँडचं म्हणून तयार करू नका, त्याचे बारीक पंधरा-वीस तुकडे करा आणि मग पाच परत मिळवा. खऱ्या आकाशात सबबँडच्या आतही धुळीचा स्पेक्ट्रम बदलत असतो, आणि जेवढे आत तेवढेच बाहेर असं सिम्युलेशन केलंत तर ती चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही, निकाल मात्र फार छान येतील.